आधी घरे मोजा, मग रस्ता

राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत एका दुपारी दोन माणसे फीत घेऊन आली. कोणाकडून आलात म्हणून विचारले तर "वरून आदेश आहे" एवढेच उत्तर. कागद मागितला तर "कागद नंतर येईल." तासाभरात त्यांनी दोन्ही बाजूंची घरे मोजली आणि प्रत्येक भिंतीवर लाल रंगात आकडा टाकला. कोणाच्या भिंतीवर 7, कोणाच्या 9, आमच्या भिंतीवर 11. इतके फूट घर रस्त्यात जाणार, असा त्याचा अर्थ. शेजारच्या काकू त्या आकड्याकडे बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "अकरा फुटांत तर आमचा जिना आहे हो. जिना गेला तर माडीवर चढायचं कुठून?"

फीत धरणाऱ्यांना हा प्रश्न पडला नव्हता, कारण ते घरात शिरलेच नव्हते. त्यांनी रस्ता मोजला होता. आमचे म्हणणे या एका गोष्टीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. रस्ता मोजण्याआधी घरे मोजा. घरे, घरांतली माणसे, दुकाने, भाडेकरू, विहिरी, देवळे, झाडे हे सारे आधी कागदावर आणा आणि मगच काय तोडायचे त्याची भाषा करा. नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढण्याला धोरण म्हणत नाहीत.

सुरुवातीलाच स्पष्ट करतो की आम्ही रस्त्याचे वैरी नाही. इंदूरचा जुना भाग वाहनांनी गुदमरला आहे, हे आमच्याइतके कोणाला ठाऊक असणार? रात्री अपरात्री घरातल्या म्हाताऱ्या माणसाला खुर्चीत बसवून चौकापर्यंत उचलून न्यावे लागते, कारण रुग्णवाहिका गल्लीत शिरत नाही. हा अनुभव आमच्यापैकी अनेकांनी घेतला आहे. तेव्हा "यांना विकास नको, यांना जुन्या वाड्यांचे गोडवे गायचे आहेत" हा टोमणा आम्हाला मारू नये. विकास हवाच आहे. तो कोणाच्या जिन्यावरून जाणार, हे विचारण्याचा हक्कही हवा आहे.

अकरा फुटांचा हिशेब

बाहेरून आलेल्या माणसाला वाटते, साठ फूट खोल घरातले अकरा फूट गेले तर काय बिघडले? एकोणपन्नास उरतातच की. हा हिशेब मोकळ्या प्लॉटचा झाला, घराचा नव्हे. आमच्या गल्लीतल्या घरांची तोंडे बारा-पंधरा फुटांची. पुढे ओटा, मग बैठक किंवा दुकान, बाजूने जिना, मध्ये चौक, त्यामागे स्वयंपाकघर आणि न्हाणी. घराचा सारा भार लाकडी खांबांवर आणि तुळयांवर. शेजाऱ्याची आणि आपली भिंत सामाईक. पुढचा भाग कापला की पहिल्या खणाचे खांब जातात, तुळईचे एक टोक हवेत लोंबकळते आणि सामाईक भिंतीला तडा जातो. म्हणजे तोडले एक घर, हलली तीन. उरलेल्या एकोणपन्नास फुटांत राहायचे तर आधी लाखो रुपये खर्चून घर नव्याने उभे करायला हवे. ज्या घरात आज दोन म्हातारी माणसे निवृत्तिवेतनावर राहतात, ती हा पैसा आणणार कुठून?

मग एक दिवस दारात बिल्डर येतो. तो चांगला बोलतो, चहा घेतो, "आजी, तुम्हाला फ्लॅट देतो" म्हणतो. तीन-चार घरे एकत्र करतो आणि उंच इमारत उभी करतो. मध्य प्रदेशचे 2012 चे भूमी विकास नियम असे आहेत की इमारतीची परवानगी असलेली उंची रस्त्याच्या रुंदीशी बांधलेली असते. रस्ता रुंद झाला की इमारत उंच होते, इमारत उंच झाली की दुकाने वाढतात, दुकाने वाढली की गाड्या वाढतात, आणि पाच-दहा वर्षांत रुंद केलेला रस्ता पुन्हा तितकाच तुंबतो. फरक एवढाच की तोवर मूळची माणसे तिथे उरलेली नसतात. ज्या गर्दीच्या नावाने घर तोडले, ती गर्दी घर तोडल्यामुळेच दुप्पट झाली, हे मग सांगायचे कोणाला?

गर्दीचे मूळ कारण दुसरेच आहे. कापड बाजार, सराफा, मारोठिया, सियागंज या घाऊक पेठा शहराच्या पोटात आहेत. माल घेऊन येणारी जड वाहने दिवसाढवळ्या आत शिरतात, माल उतरेपर्यंत अर्धा रस्ता अडवून उभी राहतात, आणि उरलेल्या अर्ध्यात गिऱ्हाइकांच्या दुचाक्या लागतात. इलाज करायचा तर मालाच्या वाहनांची वेळ बांधा, घाऊक व्यापाराला शहराबाहेर सोयीची जागा द्या, वाहनतळ आधी बांधा. हे कठीण आहे, कारण व्यापारी संघटित आहेत. दोन म्हाताऱ्यांचे घर तोडणे सोपे आहे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केली नाही.

शंभर वर्षांपूर्वी इंदूरने हे ऐकले होते

आम्ही जे मागतो आहोत ते नवे नाही. इंदूरला ते शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सांगून झाले आहे. तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या काळात स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस येथे आले. हे गृहस्थ मुळात वनस्पतिशास्त्रज्ञ, पुढे नगररचनेकडे वळलेले. 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग सुरू झाला तो यांच्याच हातून. त्यांनी होळकर दरबाराला 1918 मध्ये इंदूरच्या नगररचनेचा दोन खंडांचा अहवाल सादर केला. तत्पूर्वी, 1916 मध्ये, त्यांनी सयाजीराव महाराजांच्या बडोद्यावरही अहवाल लिहिला होता.

गेडिस यांची पद्धत काय होती? ते नकाशा घेऊन कचेरीत बसले नाहीत. गल्लीगल्लीतून पायी फिरले. कोणते घर मोडकळीला आले आहे, कोणते डागडुजीने उभे राहील, कुठे मोकळी जागा आहे, कुठे विहीर बुजते आहे, हे पाहिले. त्यांचे म्हणणे असे की जुन्या वस्तीवर शस्त्रक्रिया करावी ती कमीत कमी कापाकापीची. एखादे पडके घर काढावे, तिथे छोटा चौक करावा, झाड लावावे, कोपरा गोल करावा, गटार सुधारावे. सरळ रुंद रस्त्यासाठी चांगली घरे पाडण्याला ते उधळपट्टी म्हणत, आणि पाडलेल्या घरांतली माणसे शेजारच्या घरांत कोंबली जाऊन रोगराई वाढते, हे आकड्यांनिशी दाखवत. आपल्या मराठ्यांच्या तंजावरलाही त्यांनी हेच सांगितले होते. किल्ल्यातल्या वस्तीतून सरळ रस्ते काढण्याच्या बेताला त्यांनी जो पर्याय सुचवला, त्याचा खर्च मूळ बेताच्या एका तुकड्याएवढा होता.

इंदुरातला त्यांचा एक किस्सा तर प्रत्येक पार्षदाने पाठ करावा असा आहे. शहर प्लेगने गांजलेले. नकाशेवाला साहेब आला म्हणजे घरे पाडणार, अशी लोकांना धास्ती. गेडिस यांनी महाराजांकडून दिवाळीच्या मिरवणुकीची सूत्रे मागून घेतली आणि जाहीर केले की मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यावर जास्तीत जास्त घरे झाडून, सारवून, दुरुस्त करून ठेवलेली असतील, त्या रस्त्याने जाईल. झाले! घरोघर साफसफाई सुरू झाली, उंदरांची बिळे बुजली, कचऱ्याच्या गाड्याच्या गाड्या शहराबाहेर गेल्या. मिरवणुकीत प्लेगचा भलाथोरला उंदीर निघाला, रोगराईचा राक्षस जाळला गेला, लोकांना तुळशीची रोपे वाटली गेली. एकाही घराला कुदळ न लावता शहर स्वच्छ झाले, कारण ते काम लोकांनी आपले मानले.

हेच इंदूर 2017 पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षे देशात पहिले येत राहिले, तेही याच मार्गाने. कचऱ्याची गाडी दारोदार फिरली, ओला-सुका कचरा वेगळा करायला घराघरांतल्या बायकांनी शिकून घेतले, म्हणून ते यश आले. मग आमचा साधा सवाल असा, की ज्या शहराला रोज सकाळी प्रत्येक दारापर्यंत गाडी पाठवता येते, त्याला घर तोडण्याआधी एकदा त्या दाराच्या आत का जाता येत नाही?

कायदा काय म्हणतो

आता कायद्याचे बोलू. मध्य प्रदेश नगर पालिक निगम अधिनियम 1956 ची धारा 305 मार्गरेषेच्या आत येणारी बांधकामे मागे घ्यायला लावण्याचा अधिकार निगमला देते. हा अधिकार आम्ही नाकारत नाही. पण अधिकार आहे म्हणजे त्याला रीत नाही असे होत नाही.

6 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या महाराजगंजच्या एका प्रकरणात ही रीत स्वच्छ सांगितली. तिथे 2019 मध्ये रस्ता रुंद करताना एका नागरिकाचे घर रीतसर नोटीस न देता पाडले होते. न्यायालयाने राज्य सरकारला 25 लाख रुपये भरपाई द्यायला लावली आणि रुंदीकरणाआधी काय करायचे याचे टप्पे घालून दिले. पहिल्यांदा सरकारी दप्तरातून आणि नकाशातून रस्त्याची आजची रुंदी निश्चित करा. मग मोजणी करून कुठे खरोखर अतिक्रमण आहे ते पाहा. अतिक्रमण असेल तर लेखी नोटीस द्या. हरकत आली तर ती ऐकून कारणांसह निर्णय द्या. आणि आहे त्या रुंदीत काम भागत नसेल, लोकांची मालकीची जागा लागत असेल, तर ती आधी कायद्याने संपादन करा. हा निकाल सर्व राज्यांना पाठवण्याचा आदेशही न्यायालयाने दिला.

मंडळी, या टप्प्यांत लाल रंगाचा डबा कुठे बसतो? अतिक्रमण वेगळे आणि मालकीची जागा वेगळी, हा फरक कायद्याने केला आहे. रस्त्यावर पुढे काढलेला ओटा, दुकानाबाहेर लावलेला पत्रा, नाल्यावर बांधलेली पायरी हे अतिक्रमण. ते काढायला आमची हरकत नाही, उलट आम्हीच काढून देऊ. पण होळकरांच्या अमदानीपासून ज्याच्या नोंदी आहेत, ज्याचा मालमत्ता कर पिढ्यान्‌पिढ्या भरला आहे, त्या घराला अतिक्रमणाच्या रांगेत उभे करायचे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय.

आणखी एक. राज्यघटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने तीन लाखांवर वस्तीच्या शहरांत वॉर्ड समित्या सांगितल्या आहेत. इंदुरात 85 वॉर्ड आहेत. आपल्या वॉर्डातला रस्ता किती रुंद असावा, याची चर्चा वॉर्डातल्या सभेत झाल्याचे तुमच्यापैकी किती जणांना आठवते? आम्हाला एकदाही आठवत नाही.

तोडणाऱ्याला बक्षीस, जपणाऱ्याला शिक्षा

भरपाईचे विचारले की आजकाल एक शब्द तोंडावर फेकला जातो, टीडीआर. हस्तांतरणीय विकास हक्क. राज्याने त्याचे नियम 2018 मध्ये केले. रस्त्यात गेलेल्या जागेच्या बदल्यात रोख पैसा मिळत नाही, दुसरीकडे जास्त बांधण्याच्या हक्काचा कागद मिळतो. तो कागद स्वतः वापरा किंवा बाजारात विका. ज्याचे शंभर फुटी तोंडाचे दुकान आहे त्याला हा सौदा परवडेल. बारा फुटी घरवाल्याच्या हाती येणारा तुकडा एवढासा, की विकायला गेले तर घेणारा सांगेल तोच भाव. त्यातून हा कागद मालकाच्या नावाचा. खाली चाळीस वर्षे शिलाई मशीन चालवणाऱ्या भाडेकरूचे काय? त्याचे दुकान गेले, गिऱ्हाईक गेले, आणि त्याच्या नावाचा कागदसुद्धा नाही.

हाच टीडीआर दुसरीकडे कसा वापरतात ते पाहा. अहमदाबादेतल्या पोळांमध्ये नोंदलेले जुने घर जपणाऱ्या मालकाला टीडीआर मिळतो. तो विकून आलेला पैसा घराच्या दुरुस्तीला लागतो. मुंबईत 1995 च्या वारसा नियमांनी अशीच सोय केली. पणजीचे फोंतेन्यास आज देशभरातले लोक पाहायला येतात, कारण त्या वस्तीला जपायची वस्ती म्हणून नियमांत जागा मिळाली. म्हणजे साधन एकच, पण तिथे ते घर जपल्याबद्दल मिळते आणि आमच्याकडे घर तोडू दिल्याबद्दल.

राजवाड्याला राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे संरक्षण आहे, ते योग्यच आहे. 1747 पासूनची ही वास्तू, खालचे मजले दगडी, वरचे लाकडी, 1984 च्या दंगलीत जळाली आणि पुढे पारंपरिक पद्धतीने पुन्हा उभी राहिली. 20 मे 2025 रोजी अहिल्यादेवींच्या तीनशेव्या जयंतीनिमित्त राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठक याच राजवाड्यात झाली. आम्हाला त्याचा अभिमानच वाटला. पण ज्या गल्ल्यांतून होळकरांचे कारकून, शिलेदार, भिक्षुक, वैद्य, शिक्षक राहिले, ज्या गल्ल्यांमुळे राजवाडा हा राजवाडा होता, त्या गल्ल्यांना कसलेही संरक्षण नाही. राजवाडा ठेवायचा आणि भोवतालचे गाव काढायचे, म्हणजे देव्हारा ठेवून घर विकण्यासारखे आहे.

तोडलेले परत बसत नाही

"तज्ज्ञांनी ठरवले आहे, तुम्ही मध्ये पडू नका," असेही ऐकवले जाते. तज्ज्ञांचा आम्ही आदर करतो. पण याच शहरात 2013 मध्ये आग्रा-मुंबई रस्त्यावर निरंजनपूर ते राजीव गांधी चौक असा सुमारे साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस मार्ग सुरू झाला. तोही तज्ज्ञांनीच ठरवला होता. देशभरात त्याचे कौतुक झाले. मग नोव्हेंबर 2024 मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो काढण्याचे जाहीर केले आणि फेब्रुवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर रेलिंग निघू लागले. तो मार्ग चांगला होता की वाईट, या वादात आम्ही पडत नाही. आमचा मुद्दा एवढाच की बारा वर्षांत धोरण उलटे फिरू शकते. रेलिंग उपटता येते, स्टॉप हलवता येतो. पण उद्या कोणाला वाटले की जुन्या इंदुरातले रस्ते रुंद करणे चुकलेच, तर आमचा जिना कोण परत बसवणार? सव्वाशे वर्षांची सागवानी तुळई कोणत्या निविदेत मिळते?

जानेवारी 2016 मध्ये इंदूरची स्मार्ट सिटीसाठी निवड झाली. राजवाड्याभोवतीचे सुमारे 742 एकर क्षेत्र त्यासाठी आखले गेले. ती योजना 31 मार्च 2025 रोजी संपली. गोपाळ मंदिराची, राजवाड्याची डागडुजी झाली, नदीकाठ सुधारला, त्याबद्दल आभार. पण त्याच क्षेत्रातल्या रुंदीकरणात अर्धी कापलेली घरे आजही विटा दाखवत उभी आहेत. बडा गणपतीपासून राजवाड्याकडे चालत या आणि स्वतः पाहा. योजनेचे फलक उतरले, घरांच्या जखमा तशाच राहिल्या.

रुग्णवाहिकेचे आणि बंबाचे काय?

हा प्रश्न खरा आहे आणि आम्ही तो टाळणार नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी आमची गत होऊ नये, हे आम्हालाही वाटते. पण त्यासाठी अख्ख्या गल्लीचे अकरा-अकरा फूट लागत नाहीत. जिथे बंब वळत नाही तो कोपरा शोधा, तेवढाच कापा. चौकाचौकांत आगीच्या पाण्याचे नळ बसवा. गल्लीत शिरतील असे छोटे बंब आणि छोट्या रुग्णवाहिका ठेवा. लोंबणाऱ्या विजेच्या तारा जमिनीखाली घाला. रस्त्यावर उभ्या वाहनांना दंड करा. आज रुग्णवाहिका अडते ती बहुतेक वेळा उभ्या गाडीमुळे. भिंत तिला क्वचितच अडवते. रुंद केलेल्या रस्त्यावर दुतर्फा गाड्या लागल्या की ती तिथेही अडते.

आपलाही दोष आहे

निगमकडे बोट दाखवताना उरलेली बोटे आपल्याकडे वळतात, तेही बोलले पाहिजे. आपण मराठी घरांनी जुन्या इंदूरचे काय केले? मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेली, आपण सुदामानगर, टिळकनगर, विजयनगरला बंगले बांधले आणि वाड्याला कुलूप घातले. चार भावांच्या वाटणीचा दावा वर्षानुवर्षे कोर्टात पडून आहे, आणि तोवर छप्पर गळून खाली आले. नामांतरण आजोबांच्या नावावरच राहिले. नोटीस आली ती आजोबांच्या नावे, आणि ते तर केव्हाच देवाघरी गेले. मग सुनावणीला जाणार कोण? पडक्या वाड्यावर फुली मारणे सोपे जाते, कारण त्याच्या बाजूने बोलायला दारात कोणी उभे नसते.

पुढे काढलेले ओटे आपलेही आहेत. भाड्याचे चार पैसे जास्त मिळावेत म्हणून दुकानदाराला रस्त्यावर पत्रा टाकू देणारे मालकही आपणच. गणेशोत्सवात "आपली गल्ली, आपली संस्कृती" म्हणून भाषणे ठोकायची आणि आक्षेप नोंदवायच्या दिवशी घरी बसायचे, ही सवय आपण सोडली नाही तर दुसऱ्याला दोष देण्याचा हक्क आपल्याला उरत नाही.

आमच्या मागण्या

तेव्हा पक्ष कोणताही असो, जो आमच्या दारी मत मागायला येईल त्याच्यापुढे आम्ही या मागण्या ठेवणार आहोत.

1. जुन्या भागातल्या कोणत्याही रस्त्याची रुंदी ठरवण्याआधी त्या रस्त्यावरच्या प्रत्येक घराची आतून पाहणी व्हावी. घराचे वय, बांधणी, राहणारी माणसे, भाडेकरू, विहीर, देऊळ, झाड या साऱ्याची नोंद करून ती यादी गल्लीत लावावी.

2. सगळ्या रस्त्याला एकच रेघ नको. जिथे खरोखर अडते तिथे, आणि तेवढेच, कापावे. प्रत्येक कापणीचे कारण लेखी द्यावे.

3. अतिक्रमण आणि मालकीची जागा यांच्या याद्या वेगळ्या असाव्यात. मालकीची जागा लागल्यास सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्याप्रमाणे आधी संपादन, मग काम.

4. रोख भरपाई हवी की टीडीआर, ही निवड मालकाची असावी. भाडेकरूच्या व्यवसायाचीही भरपाई असावी. जुने घर जपणाऱ्याला टीडीआर मिळावा.

5. जुन्या भागातल्या रस्त्याची रुंदी वाढली म्हणून इमारतीची उंची आपोआप वाढू नये. या भागासाठी उंचीचा स्वतंत्र नियम असावा.

6. वाहनतळ आणि मालवाहनांच्या वेळा आधी, रुंदीकरण नंतर.

यात अवाजवी काय आहे, हे ज्याला सांगता येईल त्याने अवश्य सांगावे. आम्ही ऐकून घेऊ.

आता काय करायचे

इंदूरचा 1 जानेवारी 2008 पासून लागू झालेला मास्टर प्लॅन 2021 सालापर्यंतचा होता. ते साल उलटून गेले तरी नवा प्लॅन लगेच हाती आला नाही. नव्या प्लॅनचा मसुदा जेव्हा प्रसिद्ध होईल तेव्हा 1973 च्या नगर तथा ग्राम निवेश अधिनियमाप्रमाणे आक्षेप आणि सूचना मागवल्या जातील. ती मुदत महिनाभराची असते आणि महिना कसा जातो ते कळत नाही. त्या वेळी धावाधाव करून उपयोग नाही. वरातीमागून घोडे नेण्याची आपली जुनी खोड या वेळी तरी मोडू या.

प्रत्येक घराने आजच एक फाइल करावी. रजिस्ट्री किंवा जुनी सनद, नामांतरणाचा कागद, मालमत्ता कराच्या पावत्या, घराचा जुना नकाशा असेल तर तो, घराची आतून-बाहेरून छायाचित्रे, भाडेकरूंची नावे. ज्यांचे नामांतरण राहिले आहे त्यांनी भावंडांचे रुसवे बाजूला ठेवून ते करून घ्यावे. ज्यांची मुले बाहेरगावी आहेत त्यांनी एका नातेवाइकाला मुखत्यारपत्र देऊन ठेवावे. ज्याला लिहिणे जमत नाही त्याच्यासाठी मंडळाचे तरुण कार्यकर्ते हिंदीत अर्ज लिहून देतील. अर्ज हिंदीतच द्यावा, कारण कचेरीची भाषा ती आहे आणि आपल्याला काम करून घ्यायचे आहे. आपल्या गल्लीतल्या मारवाडी, मुस्लिम, गुजराती, बोहरी शेजाऱ्यांनाही बरोबर घ्या. लाल आकडा त्यांच्याही भिंतीवर आहे. एकट्या मराठी घरांची ही लढाई समजलो तर आपण ती हरलोच.

जुलै 2022 मध्ये निवडून आलेल्या निगम परिषदेची पाच वर्षे 2027 मध्ये पूर्ण होतात. मते मागायला माणसे येतील. त्यांना ओट्यावर उभे करून परत पाठवू नका. घरात बोलवा, चहा द्या, आणि अकरा फूट आतपर्यंत चालत न्या. जिना दाखवा. खांब दाखवा. सामाईक भिंत दाखवा. मग विचारा, "साहेब, तुमच्या रेघेत यातले काय काय येते?"

आमच्या शेजारच्या काकूंनी तो आकडा अजून पुसलेला नाही. "असू दे," म्हणतात, "येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे." रोज सकाळी त्याच्या खाली, ओट्यावर, रांगोळी काढतात. तो ओटा वाचवायचा असेल तर फाइल आजच करायला घ्या.